बोन मॅरो ॲस्पिरेशन + बायोप्सी: ३८२२२ कधी, आणि ३८२२० व ३८२२१ वेगळे कधी?

कोडर_हडपसर

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या एका हिमॅटॉलॉजी ग्रुपचं प्रोफेशनल बिलिंग आमच्या टीमकडे आलंय. बोन मॅरोच्या (अस्थिमज्जेच्या) क्लेमवर डेनायल येतायत, म्हणजे ते नाकारले जातायत, आणि टीममध्ये एकमत होत नाही. तीन नोट्सचा सारांश देते, रुग्णाची ओळख पटेल असं काही त्यात नाही.

नोट १: डावं पोस्टेरियर इलियाक क्रेस्ट (कमरेच्या हाडाची मागची कड). १ टक्का लिडोकेन ८ मिली. ॲस्पिरेट (सिरिंजने ओढलेलं द्रव मॅरो) काढलं. मग त्याच चिरेतून सुई साधारण १ सेंमी बाजूला सरकवून १.८ सेंमीची कोअर बायोप्सी (हाडासकट मॅरोचा तुकडा) घेतली. आमच्याकडच्या जुन्या शीटमध्ये यासाठी ३८२२१ (सीपीटी, म्हणजे अमेरिकेतल्या प्रोसिजरचा बिलिंग कोड) आणि जी०३६४ लिहिलेत, ते मेडिकेअरने (तिथल्या सरकारी विमा योजनेने) परत पाठवलं. टीममधल्या एकाचं म्हणणं, सुई सरकवली म्हणजे जागा वेगळी झाली, तर ३८२२१ सोबत ३८२२०-५९ लावू (५९ हा 'वेगळी प्रोसिजर' सांगणारा मॉडिफायर).

नोट २: उजवी आणि डावी, दोन्ही बाजूंना ॲस्पिरेशन आणि बायोप्सी.

नोट ३: ॲस्पिरेशनला काहीच आलं नाही, 'ड्राय टॅप' असं लिहिलंय. बायोप्सी मिळाली, टच इम्प्रिंट (तुकडा स्लाइडवर टेकवून घेतलेले पेशींचे ठसे) केले.

कोड तर हवेतच, पण प्रोसिजर प्रत्यक्षात कशी होते हे कोणी नीट सांगितलं तर नोट वाचताना अंदाज लावायची वेळ येणार नाही. पॅथॉलॉजीचे कोडही याच रिपोर्टवरून लावावे लागतात, त्याबद्दलही लिहा.

---

ऑडिट_डेस्क

ताई, आधी ती शीट बाजूला ठेवा. जी०३६४ हा कोड १ जानेवारी २०१८ पासून बंद आहे. त्याआधी मेडिकेअरला एकाच चिरेतून दोन्ही केलं की ३८२२१ अधिक जी०३६४ जायचं. २०१८ ला ३८२२० आणि ३८२२१ यांच्या वर्णनात 'डायग्नॉस्टिक' हा शब्द आला आणि दोन्ही एकत्र केल्यास ३८२२२ हा नवा कोड आला. तर आता चित्र असं: फक्त ॲस्पिरेशन ३८२२०, फक्त बायोप्सी ३८२२१, एका बैठकीत एकाच ठिकाणी दोन्ही ३८२२२.

नोट १ म्हणजे सरळ ३८२२२, एक युनिट. सुई हाडावर सरकवल्याने जागा वेगळी होत नाही. एनसीसीआयच्या (कोणते कोड एकत्र लावता येतात याच्या मेडिकेअरच्या नियमांच्या) धोरणात वेगळी जागा कशाला म्हणायचं ते स्पष्ट आहे: एक तर हाड वेगळं हवं, नाही तर त्याच हाडावर त्वचेला दोन वेगळ्या चिरा हव्यात, किंवा दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या भेटीत झालेल्या हव्यात. म्हणजे मोजायची ती त्वचेवरची चीर, हाडाला पडलेली भोकं नाहीत. या नोटवर ३८२२०-५९ लावलं तर ते सरळ अनबंडलिंग आहे, म्हणजे एकाच कामाचे तुकडे पाडून बिल लावणं. आज पैसे आले तरी ऑडिटमध्ये परत जातील.

५९ किंवा एक्सएस ('वेगळी जागा' सांगणारा मॉडिफायर) खरोखर कुठे लागतो? स्टर्नममधून (छातीच्या मधल्या हाडातून) ॲस्पिरेशन आणि इलियाक क्रेस्टमधून बायोप्सी असेल तर ३८२२१ आणि ३८२२०-एक्सएस. पण नोटमध्ये दोन्ही हाडांची नावं, दोन्हीकडची भूल आणि दोन्हीकडच्या चिरा लिहिलेल्या असाव्यात. 'ॲस्पिरेशन अँड बायोप्सी डन' एवढ्याच ओळीवर मॉडिफायर लावू नका, डॉक्टरांना क्वेरी पाठवा.

नोट २ ला ३८२२२-५० (५० म्हणजे दोन्ही बाजूंना). आधी त्या वर्षाच्या फी शेड्यूलमध्ये बायलॅटरल इंडिकेटरचा रकाना बघा. इंडिकेटर १ असेल तर दोन बाजूंचे मिळून १५० टक्के मिळतात. मेडिकेअरला एका ओळीत ५० आणि युनिट १. काही खासगी इन्शुरन्स आरटी (उजवी) आणि एलटी (डावी) लावून दोन ओळी मागतात, ते त्यांच्या नियमावलीत पाहून घ्या. दोन बाजूंना सुई का घातली याचं कारणही नोटमध्ये असू द्या. लिम्फोमाचं स्टेजिंग किंवा पहिल्या बाजूला नमुना अपुरा, असं काही तरी.

एकाच जागेतून चार सिरिंज ओढल्या तरी युनिट एकच. वर्णनातच 'ॲस्पिरेशन(स्)' असं अनेकवचन आहे.

नोट ३ मध्ये ॲस्पिरेशनचा प्रयत्न फसला आणि बायोप्सी पूर्ण झाली. मी ३८२२१ लावेन. जे पूर्ण झालं त्याचाच कोड, हा एनसीसीआयचा सर्वसाधारण नियम इथे लागू पडतो. थेंबभर रक्ताळ ॲस्पिरेट आलं, त्याच्या स्लाइड झाल्या आणि पॅथॉलॉजिस्टने त्या वाचल्या तर गोष्ट वेगळी, तिथे ३८२२२ टिकतो. म्हणून प्रोसिजर नोटसोबत पॅथॉलॉजी रिपोर्ट उघडून बघायची सवय ठेवा. फक्त ॲस्पिरेशनच ठरलेलं होतं आणि तेच कोरडं गेलं, तर ३८२२० ला ५२ की ५३ हे डॉक्टरांनी काय लिहिलंय त्यावर ठरतं: काम कमी केलं की रुग्णाच्या त्रासामुळे मध्येच थांबवलं.

हेतूही बघा. हे तिन्ही कोड निदानासाठी आहेत. ट्रान्सप्लांटसाठी मॅरो काढला तर दात्याकडून ३८२३०, रुग्णाचा स्वतःचा असेल तर ३८२३२. मणक्याच्या शस्त्रक्रियेत बोन ग्राफ्टसाठी वेगळ्या चिरेतून ॲस्पिरेट घेतलं तर ॲड-ऑन (मुख्य कोडसोबतच लागणारा) २०९३९. आणि रेडिओलॉजिस्टने सीटीखाली हाडातल्या गाठीत सुई घातली असेल तर ती हाडाची बायोप्सी, म्हणजे २०२२० किंवा २०२२५. त्याच नमुन्यावर २०२२० आणि ३८२२१ दोन्ही लावता येत नाहीत. मॅरोसाठीच सीटी वापरला असेल तर ३८२२१ किंवा ३८२२२ सोबत ७७०१२, फ्लुओरोस्कोपी असेल तर ७७००२. प्रतिमा जतन केली आणि मार्गदर्शनाचा उल्लेख आहे, हे दोन्ही तपासा.

---

रक्तविकार_एमडी

कोडचं वर आलंच आहे, प्रोसिजरचं मी लिहितो. नोट वाचताना कुठे थांबायचं ते त्यातून कळेल.

प्रौढांमध्ये नेहमीची जागा पोस्टेरियर सुपिरियर इलियाक स्पाइन. कमरेखाली, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना जिथे खळगी दिसते तिथे बोटाला लागणारा हाडाचा उंचवटा. रुग्ण कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन, नाही तर पालथा. स्टर्नममधून फक्त ॲस्पिरेशन करतात, बायोप्सी कधीच नाही, कारण मागे हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. मायलोमाच्या रुग्णात हाड मऊ झालेलं असू शकतं, तिथे स्टर्नम टाळतातच. नोटमध्ये 'स्टर्नल बायोप्सी' दिसलं तर टायपिंगची चूक समजून क्वेरी पाठवा.

त्वचा क्लोरहेक्सिडीनने साफ करून भूल देतात. आपल्याकडे २ टक्के लिग्नोकेन, अमेरिकेत बहुधा १ टक्का, साधारण ५ ते १० मिली. त्वचेत थोडी, खरी भूल पेरिऑस्टियमला (हाडावरच्या पातळ आवरणाला). सुई हाडाला टेकवून नाण्याएवढ्या भागात चार-पाच ठिकाणी सोडायची आणि दोन-तीन मिनिटं थांबायचं. घाई केली तर रुग्ण ओरडतो आणि हलतो. मॅरोच्या आतल्या भागाला मात्र ही भूल पोचत नाही. सिरिंज ओढताना मांडीपर्यंत उतरणारी कळ येतेच, ती काही सेकंदांची असते. रुग्णाला आधी सांगून ठेवलं की तो दचकत नाही.

मग ११ नंबरच्या ब्लेडने २-३ मिमीची चीर. बिलिंगच्या दृष्टीने मोजायची ती हीच.

ॲस्पिरेशनची सुई (आपल्याकडे सलाह किंवा क्लिमा, १६ गेजच्या आसपास) दाब देत घड्याळाच्या दिशेने आणि उलट अशी फिरवत आत न्यायची. कॉर्टेक्स (हाडाचा टणक बाहेरचा थर) पार झाला की अडथळा एकदम कमी होतो आणि सुई हाडात घट्ट उभी राहते. स्टायलेट (सुईच्या आतली तार) काढून १० किंवा २० मिलीची सिरिंज लावायची आणि एकदाच जोरात ओढायचं. पहिल्या ओढीत ०.५ मिलीपेक्षा जास्त घ्यायचं नाही. त्यापेक्षा जास्त ओढलं की सायनसॉइडमधलं (मॅरोतल्या बारीक रक्तवाहिन्यांमधलं) रक्त मिसळतं आणि स्लाइडवर मॅरोऐवजी रक्तच दिसतं. हा पहिला थेंब फक्त स्लाइडसाठी. फ्लो (पेशींवरचे मार्कर मोजणं), सायटोजेनेटिक्स (गुणसूत्रं बघणं), मॉलिक्युलर (जनुकांची चाचणी) यांचं ॲस्पिरेट दुसऱ्या-तिसऱ्या ओढीत, सुई किंचित फिरवून किंवा पुढे-मागे करून घ्यायचं. चाचण्यांच्या यादीकडे बघून कित्येक जण पहिल्याच ओढीत ८-१० मिली काढतात आणि मग रिपोर्टवर 'हिमोडायल्यूट' येतं. ब्लास्टची (अपरिपक्व पेशींची) टक्केवारी अशा नमुन्यात खोटी कमी दिसते, आणि त्यावर रुग्णाचे उपचार ठरायचे असतात.

बायोप्सीसाठी जॅमशिडी, प्रौढांत ११ किंवा ८ गेज, नेहमीची लांबी ४ इंच. जाड रुग्णात ती हाडापर्यंत पोचत नाही, तिथे ६ इंची लागते. त्वचेची चीर तीच, पण हाडावर ॲस्पिरेशनच्या भोकापासून अर्धा ते एक सेंमी बाजूला. तुमच्या नोट १ मधलं सरकवणं ते हेच. ॲस्पिरेट घेतलेल्या जागेतूनच कोअर घेतला तर तिथलं मॅरो उपसलेलं असतं, पोकळीत रक्त भरलेलं असतं, पॅथॉलॉजिस्टला वाचता येत नाही. म्हणजे सरकवणं हा चांगल्या प्रोसिजरचा भाग आहे, वेगळी प्रोसिजर नाही.

कॉर्टेक्स पार झाला की स्टायलेट काढायचा आणि पोकळ सुई फिरवत २ ते ३ सेंमी आत न्यायची. स्टायलेटने आतली लांबी अंदाजून बघता येते. मग सुई जागच्या जागी दोन्ही दिशांना पूर्ण गोल फिरवायची, २-३ मिमी मागे घेऊन किंचित कोन बदलून पुन्हा आत दाबायची, म्हणजे तुकडा मुळाशी तुटतो. हे नीट केलं नाही तर सुई बाहेर येते आणि तुकडा आतच राहतो. तुकडा बाहेर ढकलताना प्रोब टोकाकडून घालून हँडलच्या बाजूने काढायचा. सुईचं टोक निमुळतं असतं, त्या दिशेने ढकलला की तुकडा चिरडतो.

लांबी? प्रोसेसिंगनंतर किमान १.५ ते २ सेंमी आणि वाचता येतील असे निदान दहा इंटरट्रॅबेक्युलर भाग (हाडाच्या जाळीमधले मॅरोचे कप्पे) हवेत. तुकडा प्रोसेसिंगमध्ये आकसतो, म्हणून घेतानाच जास्त घ्यावा. नोट १ मधला १.८ काठावरचा आहे. सुई तिरकी गेली तर सगळा कॉर्टेक्सच येतो आणि बघताना मात्र तुकडा लांबलचक दिसतो. पांढरा, गुळगुळीत, चकाकता भाग म्हणजे कूर्चा किंवा कॉर्टेक्स. लालसर, खरखरीत भाग म्हणजे मॅरो.

ड्राय टॅपची कारणं: मायलोफायब्रोसिस, हेअरी सेल ल्युकेमिया, पेशींनी गच्च भरलेलं मॅरो, कॅन्सरचा फैलाव. कधी निव्वळ सुई चुकीच्या जागी. अशा वेळी इम्प्रिंट हाच पेशी बघायचा आधार, आणि एक जादा कोअर सलाइन किंवा आरपीएमआयमध्ये (पेशी जिवंत ठेवणाऱ्या द्रवात) फ्लो व सायटोजेनेटिक्ससाठी पाठवतात. तुमच्या नोट ३ मध्ये इम्प्रिंट केलेत, म्हणजे करणाऱ्याला काम माहीत आहे.

शेवटी किमान पाच मिनिटं दाब, मग रुग्णाला त्याच जागेवर उताणा झोपवून अर्धा तास. प्लेटलेट कमी आहेत एवढ्यावरून प्रोसिजर टाळत नाहीत, दाब वाढवतात. रक्त पातळ करणारी औषधं आणि मायलोप्रोलिफरेटिव्ह आजार यांत जास्त सांभाळावं लागतं. ब्रिटनमधल्या १९९५ ते २००१ च्या सर्वेक्षणात सुमारे ५५ हजार प्रोसिजरमध्ये २६ गंभीर घटना नोंदल्या गेल्या आणि त्यात सर्वाधिक रक्तस्रावाच्याच होत्या.

---

कोडर_हडपसर

सर, ऑडिट डेस्क, दोघांचेही मनापासून आभार. चीर आणि भोक यातला फरक टीमला आता दाखवता येईल. लॅबचे कोड राहिले. शिवाय काही नोट्समध्ये सेडेशन आहे, आणि डायग्नोसिसमध्ये 'रूल आउट एमडीएस' (मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम आहे का ते बघा) लिहिलेलं असतं. ते कसं घ्यायचं?

---

हिस्टो_बेंच

लॅबचं सांगते. आधी नमुना टेबलावर काय होतो ते बघा, कारण प्रत्येक कोडमागे एक वेगळा नमुना आहे.

पहिल्या ओढीचा थेंब तिरक्या धरलेल्या स्लाइडवर सोडला की रक्त खाली ओघळतं आणि करड्या-पांढऱ्या, तेलकट कणांसारखे पार्टिकल वर राहतात. ते उचलून स्मिअर आणि स्क्वॅश करायचे, किमान सहा. पार्टिकल दिसलेच नाहीत तर तिथेच डॉक्टरांना सांगावं, रुग्ण अजून टेबलावर असतो. उरलेल्याची गुठळी होऊ द्यायची, ती क्लॉट सेक्शनला जाते. कोअर आधी स्लाइडवर हलकेच टेकवून इम्प्रिंट घ्यायचा आणि मगच १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा.

फॉर्मॅलिनची बाटली उघडी ठेवून शेजारी स्मिअर करू नका. नुसत्या वाफेनेही न वाळलेल्या, फिक्स न केलेल्या स्लाइडचं गिम्सा स्टेनिंग बिघडतं, पेशी निळसर आणि धूसर दिसतात. स्लाइड आणि बाटली एकाच झिप पाऊचमध्ये पाठवणं हा त्याचाच प्रकार. अशा स्लाइड दुरुस्त करता येत नाहीत.

ट्यूब: फ्लोला ईडीटीए किंवा सोडियम हेपरिन, सायटोजेनेटिक्सला सोडियम हेपरिन, मॉलिक्युलरला ईडीटीए. हेपरिन पीसीआरला अडथळा आणतं, तर ईडीटीएमध्ये कल्चरच्या पेशी नीट वाढत नाहीत. लिथियम हेपरिनही कल्चरला नको.

आता कोड. ॲस्पिरेट स्मिअरचं वाचन ८५०९७. याला २६ (फक्त डॉक्टरांचं वाचन) किंवा टीसी (फक्त तांत्रिक भाग) हे मॉडिफायर लागत नाहीत. कोअर बायोप्सी ८८३०५. क्लॉट वेगळा नमुना म्हणून आला, वेगळा तपासला आणि रिपोर्टमध्ये वेगळा लिहिला असेल तर त्याला आणखी एक ८८३०५. कोअर हाडाचा असल्याने डीकॅल्सिफिकेशन (हाडातलं कॅल्शियम काढणं) लागतं, त्याचा ॲड-ऑन ८८३११, पण तो कोअरलाच. क्लॉटमध्ये हाड नसतं, तरी दोन्ही ८८३०५ ना ८८३११ चिकटवलेले क्लेम सर्रास दिसतात. ते चूक आहे.

रेटिक्युलिन, ट्रायक्रोम, आयर्न या प्रत्येक स्टेनला ८८३१३. आयर्न शक्यतो स्मिअर किंवा क्लॉटवर करतात, कारण ॲसिडने डीकॅल्सिफाय केलेल्या कोअरमधलं लोह निघून जातं आणि 'साठा नाही' असा खोटा निष्कर्ष निघू शकतो. टीबी किंवा फंगसचे स्टेन मात्र ८८३१२.

इम्युनोला (स्लाइडवरच्या अँटिबॉडी स्टेनला) दर नमुन्याच्या पहिल्या अँटिबॉडीला ८८३४२, पुढच्या प्रत्येकीला ८८३४१. फ्लोमध्ये तांत्रिक भाग ८८१८४ (पहिला मार्कर) आणि ८८१८५ (पुढचा प्रत्येक). वाचनाचा एकच कोड: २ ते ८ मार्कर ८८१८७, ९ ते १५ ला ८८१८८, १६ आणि वर ८८१८९. मार्कर रिपोर्टमध्ये नावानिशी मोजा, 'ल्युकेमिया पॅनल' या शब्दावर भरवसा ठेवू नका. आणि तोच मार्कर फ्लोवर आणि इम्युनोवर दोन्हीकडे असेल तर एनसीसीआय प्रश्न विचारणार. पहिल्या पद्धतीने निदान झालं नव्हतं म्हणून दुसरी केली, हे पॅथॉलॉजिस्टने लिहिलेलं हवं.

कॅरिओटाइपसाठी मॅरो कल्चर ८८२३७, २० ते २५ पेशींचं विश्लेषण ८८२६४, वाचन ८८२९१. जेएके२ व्ही६१७एफ ८१२७०, बीसीआर-एबीएल मेजर ब्रेकपॉइंट ८१२०६.

डॉक्टर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये फक्त वाचन करत असतील तर ८८३०५, ८८३११, ८८३१३, ८८३४२ यांना २६ लावा.

---

ऑडिट_डेस्क

राहिलेल्या दोन गोष्टी.

सेडेशन: प्रोसिजर करणाऱ्या डॉक्टरांच्याच देखरेखीखाली मॉडरेट सेडेशन असेल तर पाच वर्षं किंवा त्याहून मोठ्या रुग्णाला पहिल्या १५ मिनिटांसाठी ९९१५२, पुढच्या प्रत्येक १५ मिनिटांसाठी ९९१५३. १० मिनिटांपेक्षा कमी असेल तर काहीच नाही. दुसरा कोड २३ व्या मिनिटापासून. वेळ औषध दिल्यापासून धरायची आणि डॉक्टर समोरून गेले की संपली. सुरू-बंद वेळ आणि फक्त रुग्णावर लक्ष ठेवणारी वेगळी प्रशिक्षित व्यक्ती, या दोन्हींची नोंद नसेल तर सोडून द्या. नुसती तोंडाने लोराझेपामची गोळी दिली, त्याला ९९१५२ नाही. लोकल भूल तर प्रोसिजरमध्येच धरलेली असते.

त्याच दिवशी ई/एम (तपासणी-सल्ल्याच्या भेटीचा कोड) लावायचा असेल तर २५ हा मॉडिफायर हवा, आणि त्या भेटीत प्रोसिजरपलीकडचं ठळक काम झालेलं हवं. आधीच ठरलेल्या वेळी रुग्ण फक्त मॅरोसाठी आला, संमती घेतली, फुप्फुसं तपासली, एवढ्यावर ई/एम बसत नाही.

डायग्नोसिस: आउटपेशंटला 'रूल आउट', 'प्रोबेबल', 'सस्पेक्टेड' कोड करत नाहीत. 'रूल आउट एमडीएस' असेल तर रुग्णाला जे दिसतंय ते घ्या: पॅन्सायटोपेनिया (तिन्ही प्रकारच्या रक्तपेशी कमी) डी६१.८१८, किंवा नुसते प्लेटलेट कमी असतील तर डी६९.६. कोडिंग करतेवेळी पॅथॉलॉजीचा अंतिम रिपोर्ट हाताशी असेल आणि त्यात निदान पक्कं असेल तर तेच घ्या, लक्षण नको. एमजीयूएसच्या (रक्तात असामान्य प्रोटीन, पण कॅन्सर नाही) रुग्णाला सवयीने मायलोमाचा सी९०.०० लावला जातो. तो डी४७.२ आहे, आणि चुकीचा कोड त्या माणसाच्या रेकॉर्डवर कॅन्सर म्हणून राहतो. तिथे दोनदा बघा.

हॉस्पिटलमध्ये दाखल रुग्णाच्या फॅसिलिटी बिलात सीपीटी नसतो, आयसीडी-१०-पीसीएस (दाखल रुग्णाच्या प्रोसिजरची वेगळी कोड पद्धत) लागतो. इलियाक मॅरोचं निदानासाठी त्वचेतून एक्स्ट्रॅक्शन म्हणजे ०७डीआर३झेडएक्स. डॉक्टरांचं स्वतःचं बिल मात्र ३८२२२ नेच जाईल.

ताई, परत आलेले जी०३६४ चे क्लेम दुरुस्त करून पाठवताना सरसकट ३८२२२ करू नका. प्रत्येक नोट उघडा. त्यातल्या काहींत फक्त बायोप्सी निघेल.